आत्याचं ‘थेट’

ऐका तर! त्या घरात धाकट्याला सगळे ‘नकाशा’ म्हणायचे. कोपऱ्यावर दूध आणायला निघाला तरी पठ्ठ्या आधी मोबाईलवर रस्ता बघणार. मग आत्याला काकांकडे न्यायचं ठरल्यावर स्वारीला केवढा चेव चढला असेल!

काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. राहायला पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि आता अंथरुणाला खिळलेले. भेटायचं असेल तर लवकर भेटून घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. इकडे आत्या व्हीलचेअरवर. तिची अट एकच, “नेणार असाल तर थेट न्या. नाहीतर राहू दे.”

झालं! नकाशाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. विमान झटपट, पण उतरल्यावर पुढे टॅक्सी. ट्रेन आरामाची, पण मधे गाडी बदला. आणि स्लीपर बस? स्टँडवरून सुटली की कुठे थांबायचं नावच नाही!

“याहून थेट काय असणार, आत्या?” त्याने छाती फुगवून विचारलं.

“स्टँडपर्यंत कशाने? आणि त्या बसच्या पायऱ्या? नकोच ते. मी फोनवर बोलेन त्याच्याशी,” असं म्हणून आत्या खुर्ची वळवून खोलीत गेली.

“काहीही दाखवा, हिचं नाक मुरडलेलंच!” नकाशाचा थोरला दादा वैतागला.

तेवढ्यात दादाची बायको, वहिनी, कामावरून आली. वहिनी गाडी चालवायला शिकवते, आणि तिची पद्धत काय भन्नाट आहे सांगू! नवीन माणूस आला की ती “काय काय येतं?” असं विचारतच नाही. विचारते, “भीती कशाची वाटते?” तशीच ती पर्ससकट आत्याच्या पलंगावर जाऊन बसली. नकाशा दारातच घुटमळला.

“आत्या, प्रवासातलं नको काय वाटतं तुम्हाला?”

“उचलणं गं,” आत्या हळूच म्हणाली. “गाडी बदलली की नवे दोन बाप्ये येणार, मला पोत्यासारखं उचलणार, आणि येणारेजाणारे बघत उभे राहणार. म्हणून म्हटलं, थेट.”

नकाशाच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. अरे, थेट म्हणजे न थांबता नव्हे, न बदलता! आणि आपण आख्खी संध्याकाळ न थांबणाऱ्या गाड्या शोधत बसलो!

“मग आपली गाडी,” वहिनी म्हणाली. “हवं तिथे थांबू. आणि उचलायचं कुणीच नाही. तुम्ही स्वतः सरकायचं. चला खाली, करून बघू.”

खाली तिने खुर्ची गाडीला खेटून लावली, डिकीतली एक गुळगुळीत फळी काढून खुर्चीवरून सीटवर टाकली आणि चक्क दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. नकाशाचे हात आपोआप पुढे गेले.

“ए, हात खिशात घाल!” वहिनीने दम भरला. “आत्या, उजवा हात सीटवर. घाई नाही.”

आत्या थोडी सरकली. अडली. दम खाल्ला. परत सरकली, आणि बसली की राव पुढच्या सीटवर! एकटी! नकाशा नुसता बघतच राहिला. दोघींकडेही.

“शाब्बास! आता असंच उलटं, उतरताना,” वहिनी म्हणाली.

“उतरतंय कोण?” आत्याने पट्टा ओढून घेतला. “नकाशा, माझी औषधं आण, दोन साड्या आण. आणि काकाला फोन लाव. म्हणावं, ताई निघाली.”

“आत्ता?” नकाशाने वहिनीकडे पाहिलं. “पेट्रोल?”

“येतानाच टाकी फुल्ल करून आणलीये,” वहिनी म्हणाली. “पळ!”