हुकूम पोचत नव्हता

मामंजी विष चाखतात, यात नवीन काही नव्हतं. वेलीच्या सालीचा काढा आटून दाट झाला की बोट बुडवून जिभेला लावायचं. कडूजहर लागला की फुंकनळीच्या बाणांसाठी तयार. पोटात गेला तर काही होत नाही, रक्तात गेला तरच माकड झाडावरून खाली येतं. पण त्याच सकाळी पास्तासा नदीतून होडीने आलेल्या डॉक्टरने त्यांची दाढ उपटली होती. मीच हट्टाने नेलं होतं. आणि तोंडात ओली जखम असताना म्हाताऱ्याने सवयीने बोट चाखलं!

आधी पापण्या मिटल्या, मग मान कलली. "जीभ जड..." एवढंच म्हणाले. छाती हलायची थांबली.

यापन आत्याबाईंनी गळा काढला. "माझा भाऊ गेला गं!"

"गप्प बसा! नाडी चालू आहे!" मी ओरडले.

आरोग्यसेविकेच्या शिक्षणात मी ऐकलं होतं. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून निघतो, टोकाला एक रसायन सुटतं, ते स्नायूला लागलं की स्नायू आखडतो. हे विष नेमकं त्याच जागी ठाण मांडून बसतं. हृदय चालू राहतं, माणूस सगळं ऐकतो, पण बोटसुद्धा हलवता येत नाही. विष उतरेपर्यंत श्वास दुसऱ्याने द्यायचा.

मी तोंडाला तोंड लावलं.

"सासऱ्याला? लाज सोडलीस का?" आत्याबाई किंचाळल्या.

"सोडली!"

माझा नवरा ताईश मीठ घेऊन धावला. "घालू? विष उतरतं म्हणतात."

"घशात अडकेल! ठेव ते!"

फुंकते आहे, फुंकते आहे. ओठ बधिर झाले, डोकं गरगरायला लागलं. ऊन अंगणातून सरकून घरात आलं, तरी म्हातारा लाकडासारखा पडलेला. आत्याबाईंच्या रडण्याने माझा जीव नुसता तळमळत होता.

"सोड," ताईश म्हणाला. "गेले ते."

आणि मी सोडलं. खरंच सोडलं. मागे सरून बसले, मला रडू आलं. मग हात सहज त्यांच्या गळ्यावर गेला, तर नाडी अजून उडत होती. स्वतःला शिव्या घालत मी पुन्हा वाकले.

बऱ्याच वेळाने पायाचा अंगठा हलला. मग एक खरखरीत श्वास, त्यांचा स्वतःचा. आत्याबाई आता हसत रडायला लागल्या.

संध्याकाळी मामंजी खांबाला टेकून बसले. "मध्ये थांबलीस तू," ते मला म्हणाले. "सगळं ऐकू येत होतं. मी हाताला सांगत होतो, हिला धर. हात ऐकेना."

ताईशने पाण्याचा वाडगा त्यांच्यापुढे केला. मामंजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते मला म्हणाले, "सूनबाई, पाणी तू दे."