झिपऱ्याचा खड्डा

पंजाबराव मोटेचे बैल घेऊन विहिरीवर यायच्या आत खड्डा बुजला पाहिजे, एवढंच आवडाबाईला सुचत होतं. गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी माती लोटत होती, उपटून पडलेला सांबार पुन्हा जागच्या जागी खोचत होती. पण कोथिंबिरीची काडी ती! एकदा मूळ उघडं पडलं की चैत्राच्या उन्हात मान टाकायला तिला कितीसा वेळ लागणार? आणि ज्यानं हा उद्योग केला होता तो शहाणा निंबाखाली बसला होता. नाकाला चिखल, गळ्यात लाकडाचं लोढणं, आणि शेपटी हलवून बाईच्या कामाचं कौतुक चाललेलं.

"मेल्या, तुले घालवून देतीन ना," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "मंग मी काय करू?"

कालच पंजाबराव अंगणात आपल्या बायकोला, सीताबाईला, सांगत होते, "उद्या दुपारी लखीरामची गाडी रिकामी चालली अडाण नदीकडं. कुत्रं आता वाफ्यात दिसलं की त्याच गाडीत घालतो. नदीच्या पार सोडून देईन म्हणते तो." सांगणं सीताबाईला होतं, पण आवाज भिंतीपलीकडं आवडाबाईला ऐकू जाईल इतका मोठा होता. पंजाबराव तिचे थोरले दीर, म्हणजे भासरे. भासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून पदर पुढं ओढून ती त्यांच्या वाटेतून बाजूला होत आली होती. त्यांच्याशी एक शब्द कधी बोलली नव्हती, तर गयावया कुठून करणार?

झिपऱ्या तिच्या नवऱ्याचा कुत्रा. गेल्या साली मानमोडीचा ताप आला आणि गावंच्या गावं आडवी झाली, तेव्हा शालिकराम याच मळ्यातल्या झोपडीत पडला होता. आवडाबाई घरात तापानं बेशुद्ध. पाणी पाजायला माणूस उरलं नव्हतं. शालिकरामच्या उशाशी शेवटपर्यंत बसला तो झिपऱ्या. जे आपल्याला करता आलं नाही ते या मुक्या जनावरानं केलं, हे आवडाबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. आता तो म्हातारा झाला होता, एका डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं. नदीपार सोडला तर दुसऱ्या गावची कुत्री त्याला फाडून खातील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पंजाबराव काही दुष्ट नव्हते. उलट माणूस इतका पापभीरू की घरात विंचू निघाला तरी चिमट्यात धरून कुंपणाबाहेर सोडून यायचा. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. घरात मांस नाही, अंडं नाही, आणि आपल्या देवाखेरीज दुसऱ्या देवतेपुढं हात जोडणं नाही. पण उन्हाळ्यातला सांबार मंगरूळच्या बाजारात हातोहात जायचा आणि त्यावरच घर चालायचं. बैलांच्या तोंडाला फेस आणून ओढलेलं पाणी असं कुत्र्याच्या पायी मातीत गेलं तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

आवडाबाईनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? वाफ्याभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. झिपऱ्यानं त्या खालून उकरल्या. मिरचीची पूड टाकली. तो शिंकला, आणि शिंकत शिंकत उकरत राहिला. बांधून ठेवलं तर दावं कुरतडलं. शेवटी लोढणं अडकवलं. आता तो लोढण्यासकट वाफ्यात शिरायचा आणि पायांनी वाचलेला सांबार लोढण्यानं लोळवायचा.

मग तिनं मळ्याशेजारच्या गोजराबाईपुढं रड मांडली. गोजराबाईला जगातल्या सगळ्या दुखण्यांची कारणं ठाऊक होती. तिनं विहिरीच्या काठी मातीत बुडालेले सात दगड दाखवले.

"पाह्य, कुठं उकरते ते? आसरायच्या पुढंच ना? तुह्या भासऱ्यानं शेंदूर लावणं बंद केलं. त्याह्यले काही भेटत नाई, म्हून कुत्र्याच्या पायानं मांगून राह्यल्या. देऊन टाक, वं बाई."

आवडाबाई ज्या माहेरातून आली होती तिथं पाण्यातल्या सात देवींना, आसरांना, दरसाल मान द्यायचे. तिला हे मनोमन पटलं. त्या दिवशी तिनं खड्ड्यात एक अंडं पुरलं. दुसऱ्या दिवशी खड्डा तिथंच, पण दुप्पट खोल, आणि अंडं नाहीसं. आसरांनी घेतलं! तिला केवढा धीर आला. पण मागणं सरलं नव्हतं, म्हणून तिनं कोंबडीचं पिल्लू पुरलं. खड्डा आणखी खोल गेला. जितकं देत गेली तितकं मागणं वाढत गेलं, आणि बाईचा जीव कासावीस होत गेला.

आता एकच उरलं होतं. घरच्यांपासून लपवून गोजराबाईच्या खुराड्यात ठेवलेली आवडाबाईची स्वतःची एकुलती एक कोंबडी. खड्डा बुजवून झाल्यावर ती तशीच तिकडं धावली. गोजराबाईनं कोंबडी कापली. आसरांच्या वाट्याचं मुंडकं आणि पाय पदराखाली घेऊन आवडाबाई परतली, तेव्हा पंजाबराव बैल सोडून जेवायला गेले होते. तिनं सगळं खोल पुरलं आणि दगडांपुढं डोकं टेकलं.

"आया हो, आता पोटभर झालं ना? माह्यं कुत्रं मले ठेवा."

डोकं वर केलं तर झिपऱ्या लोढणं ओढत तिच्या शेजारी येऊन उभा. तिच्याकडं बघून त्यानं शेपटी हलवली आणि तिच्या डोळ्यांदेखत उकरायला लागला. माती तिच्या तोंडावर उडाली. मग त्यानं मुंडकं बाहेर ओढलं, खाली टाकलं आणि दाताखाली घेऊन कडाकडा फोडलं.

आवडाबाई बघतच राहिली. अंडंही यानंच खाल्लं. पिल्लूही यानंच. आसरा नव्हत्या मागत. तीच रोज त्याला वाढत होती, तीच त्याला बोलवत होती. आपल्याच हातांनी आपण याला गाडीत घातलं, असं मनात आलं आणि तिला रडूही फुटेना.

तेवढ्यात गाडीची चाकं वाजली. पुढं पंजाबराव, मागं गाडी हाकत लखीराम. पंजाबरावांनी उपटलेला सांबार पाहिला, मग कुत्र्याच्या तोंडात काय आहे ते पाहिलं आणि जागीच थांबले.

"मास?" त्यांचा आवाज फाटला. "माह्या मळ्यात मास आणून पुरून राह्यलं हे! लखीराम, उचल याले. आत्ताच्या आत्ता."

कुत्री हाडं पुरतातच. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आवडाबाईनं फक्त नेहमीसारखं पदर ओढून बाजूला व्हायचं होतं. तिचं घर राहिलं असतं, दोन वेळची भाकरी राहिली असती. लखीरामनं झिपऱ्याच्या लोढण्याला हात घातला. झिपऱ्यानं आपला एक डोळा तिच्याकडं वळवला.

"त्यानं नाई आणलं," आवडाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत भासऱ्यापुढं निघालेला तिचा हा पहिला शब्द. "म्या पुरलं. आसरायले. अंडं, पिल्लू, कोंबडी, समदं म्याच पुरलं. तो मासाच्या वासानं उकरे."

पंजाबराव तिच्याकडं वळले नाहीत. ते लखीरामला म्हणाले, "विचार तिले. ह्याच हातानं आमाले भाकरी थापली का?"

"व्हय," आवडाबाईनंच उत्तर दिलं. "धुवून थापली. पण ह्याच हातानं."

पंजाबरावांनी डोळे मिटले. रागापेक्षा दुःखच जास्त होतं त्यांच्या तोंडावर. ते पाहून आवडाबाईला वाटलं, यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"लखीराम, बाईले इंझोरीले सोड, तिच्या भावाच्या घरी. लुगडी सीताबाई बांधून देईन. कुत्रं बी तिच्यासंगं जाऊ दे."

भावाच्या घरी भावजय होती, आणि भावजयीला आधीच खाणारी तोंडं जास्त झाली होती. तरी आवडाबाईनं झिपऱ्याच्या गळ्यातलं लोढणं सोडलं. "चाल," ती म्हणाली.

झिपऱ्या चालला नाही. खाऊन झालं होतं, आता खड्ड्यात काही उरलं नव्हतं, तरी तो खड्ड्यात उतरला. एक गिरकी घेतली, ओल्या मातीला पोट लावून पसरला आणि सुस्कारा सोडून त्यानं डोळे मिटले.

आवडाबाईला तेव्हा कळलं. त्यानं पहिल्यांदा उकरलं तेव्हा तिथं ना अंडं होतं, ना पिल्लू. म्हाताऱ्या अंगाची उन्हानं काहिली होत होती आणि त्याला गार जागा हवी होती. एवढंच. निंबाखाली रोज एक बादली पाणी ओतलं असतं तर भागलं असतं. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

लखीराम पुढं झाला, तशी पंजाबरावांनी त्याला हातानं अडवलं. ते खड्ड्यातल्या कुत्र्याकडं बघत होते.

"ऊन उतरू दे," ते म्हणाले. "मंग नेजो."

आणि ते बैलांकडं निघून गेले. थोड्या वेळानं मोट चालू झाली. पाटाचं पाणी वाफ्यात आलं, खड्ड्याच्या काठाशी आलं. आवडाबाई ओंजळीनं ते झिपऱ्याच्या पाठीवर घालत राहिली. लखीरामची गाडी निंबाखाली उभी होती.