आधी माफी, मग पीठ

मी काठवट बोलतेय. हो, काठवटच. पीठ मळायची, लाकडी, पसरट, जाड बुडाची. हल्लीच्या स्वयंपाकघरांत स्टीलच्या चकचकीत भांड्यांची चलती, त्यामुळे माझं नाव ऐकून तुम्ही कपाळाला आठ्या घालाल हे मी धरूनच चालले आहे. खुशाल घाला. इतकी वर्षं टांगणीला लागलेला माझा जीव एकदाचा भांड्यात पडला आहे. आता मी स्वतःच भांडं, तेव्हा तो कुठे पडला ते विचारू नका.

माझा जन्म सुताराच्या हातून झाला. त्या वेळी गोदामामागच्या एका लांबट खोलीत नवं चर्च उभं राहत होतं. मंडळी म्हणजे बोटांवर मोजता येतील इतकी घरं. पैसा नव्हता, पण हात होते. बाकं सुतारानं केली, वेदीचं टेबल त्यानंच केलं, दारंखिडक्याही त्यानंच. शेवटी एक रुंद बुंधा उरला. सुताराच्या बायकोनं त्याच्याकडे लग्नापासून कपाट मागितलं होतं. त्यानं मला कोरलं आणि मोठ्या ऐटीत तिच्यापुढे ठेवलं.

"हे कपाट?" ती म्हणाली.

"कपाटात पीठ मळता येतं का?" तो म्हणाला.

तिनं नाक मुरडलं आणि मला कोपऱ्यात उभं केलं. पण त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी विचारलं, प्रभुभोजनाचा पाव कोण करील? महिन्याच्या पहिल्या रविवारी एकच पाव मोडून सगळ्या मंडळीनं खायचा, असं ठरलं होतं. सुतारीण पटकन म्हणाली, "मी करीन. आमच्याकडे मोठी काठवट आहे." बघा, गरज पडली की नाक मुरडणारेच आपली ओळख सांगतात.

पहिला पाव मात्र फसला. त्या शनिवारी सुतारणीचं शेजारच्या शिंपिणीशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ती तणतणत घरात आली, माझ्यात पीठ ओतलं आणि असं काही मळलं, की माझीच हाडं खिळखिळी व्हायची वेळ आली. रागाच्या भरात बाई खमीर घालायलाच विसरली! दुसऱ्या दिवशी वेदीपाशी पाळकसाहेब त्या पावाशी झटत होते. आधी बोटांनी, मग दोन्ही हातांनी. शेवटी त्यांनी तो टेबलाच्या कडेवर टेकवला, तेव्हा कुठे तो मोडला. मंडळी खाली माना घालून खांदे हलवत होती. मी तिथे नव्हते, पण सुतारानं घरी येऊन तीनतीनदा सोंग करून दाखवलं.

सुतारीण हसली नाही. ती म्हणाली, "मनात शेजारणीला शिव्या घालत होते आणि हातानं प्रभूचा पाव मळत होते. बिघडणारच." आणि तशीच उठून शिंपिणीकडे गेली. शिंपीणही काही कमी नव्हती. म्हणाली, "दोरी माझी, राग तुझा, आणि दात मात्र अख्ख्या मंडळीचे दुखले!" दोघी हसत हसत रडल्या. सुतारीण दोरीवरचे वाळलेले कपडे काढून, घडी घालून, तिला देऊनच परत आली.

तेव्हापासून आमच्या घरची रीत पडली. शनिवारी मला खाली काढायच्या आधी सुतारीण घरातल्या एकेकापुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "माझ्यामुळे मन दुखलं असेल तर मोकळं करा." सुताराचं उत्तर ठरलेलं, "दुखलं होतं, आता नाही." दोन्ही मुलगे मात्र संधी सोडायचे नाहीत.

"परवा तू माझा चेंडू लपवलास."

"लपवला. चुकलं माझं."

"आणि दादानं केलेला धपाटा मला घातलास."

"तेही चुकलं."

"दादानं केलेल्या खोडीचा धपाटा" म्हणायचं होतं त्या धाकट्याला, पण तक्रारीच्या घाईत त्याची जीभ घसरली आणि मोठा फिदीफिदी हसला. आईनं दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. मी माणसांची पुष्कळ घरं ऐकली नाहीत, एकच ऐकलं. पण आई मुलापुढे वाकून "चुकलं माझं" म्हणते, हे ज्या मुलांनी पाहिलं त्यांना क्षमा म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागलं नाही. रविवारच्या वर्गात ती दोघं पेंगायची. शनिवारी मात्र टक्क जागी असायची.

मुलगे मोठे झाले, बापाच्याच कारखान्यात रंधा मारू लागले, त्यांची लग्नं झाली. मोठ्याची बायको दवाखान्यात नर्स, धाकट्याची शाळेत शिक्षिका. रस्त्याच्या अल्याड-पल्याड त्यांनी घरं केली, पण शनिवारी दोघी सासूच्या स्वयंपाकघरात यायच्या आणि आळीपाळीनं मळायच्या. मोठीचा हात जड आणि मुकाट. धाकटी पिठाशीही बोलायची, "अरे बाबा, गोळा हो ना आता, घंटा होईल!" सासू माझ्या काठावर अंगठा टेकवून मला धरून ठेवायची. वर्षानुवर्षं तिथेच अंगठा ठेवून काठाला एक छोटा खळगा पडला होता. लाकूड झिजतं ते असं, मायेनंही झिजतं.

मग सुतार गेला, आणि काही काळानं सुतारीण अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मोठीनं केलं. दवाखान्यातली पाळी संपवून यायची, सासूला न्हाऊमाखू घालायची, भरवायची. धाकटी यायची, पण घाईघाईनं. तिची मुलगी तेव्हा कडेवर होती. कुणाचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. थकलेलं माणूस दुसऱ्याचं थकणं पाहू शकत नाही, इतकंच.

सुतारीण गेली. अंत्यविधी झाल्यावर मोठीनं स्वयंपाकघर आवरलं आणि कुणालाही न विचारता मला उचलून आपल्या घरी नेलं. शनिवारी धाकटी आपल्या पाळीला आली, तर जागा रिकामी. ती तडक रस्ता ओलांडून आली.

"मेलेल्या माणसाच्या घरातून न विचारता वस्तू उचलायची, हेच शिकवलं होतं का आईंनी?"

"आईंनी काय शिकवलं ते मला सांगू नकोस. वर्षभर त्यांची कूस बदलायला मी होते. तू कुठे होतीस?"

झालं. धाकटी वळून निघून गेली. माझ्यावरून भांडण! ज्या काठवटीत भांडण घेऊन हात घालायचा नाही, त्याच काठवटीवरून. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच संध्याकाळी मोठीनं मला खाली काढलं. पीठ ओतलं आणि रीतीप्रमाणे नवऱ्याला विचारलं, "माझ्यामुळे मन दुखलं असेल तर मोकळं करा."

"माझं काही नाही," तो म्हणाला. "समोरच्या घरी विचारलंस का?"

मोठीनं खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. मग तिनं पीठ मुठीमुठीनं परत डब्यात भरलं आणि मला कपाटावर चढवलं. खोटं बोलून मळता आलं असतं तिला. कुणाला कळणार होतं? पण मनात अढी ठेवून पाव करायचा, हे तिच्या हातून होईना. समोर धाकटीकडेही तेच. दुसरं भांडं आणून तिलाही करता आला असता, तिनंही केला नाही. दोघी अशा खऱ्या, की खोटेपणा करवेना, आणि अशा हट्टी, की माफी मागवेना.

मग पाव बेकरीतून येऊ लागला. त्या पावात काही खोट नव्हती, आणि देव काही पाव कुठल्या दुकानातला ते विचारत बसत नाही. पण चर्चमध्ये दोघी दोन टोकांच्या बाकांवर बसायच्या असं नवरे कारखान्यात बोलत म्हणे, आणि घरी आले की अवाक्षर काढत नसत. इकडे आड तिकडे विहीर, बिचारे करतात काय! कपाटावर माझ्यात कांदे आले, मग जुनी वर्तमानपत्रं, मग एक मोडका टॉर्च. पाणी नाही, पीठ नाही, हाताची ऊब नाही. लाकूड वापरात राहिलं तर जगतं. मी कोरडी पडत गेले आणि एका उन्हाळ्यात माझ्या बुडाला भेग गेली. ती वाढत काठाकडे सरकू लागली. काठाशी पोचली की माझी दोन लाकडं होणार आणि मी चुलीत जाणार, हे मला समजत होतं. आणि रीतही माझ्याबरोबर जाणार होती, कारण घरातल्या नव्या पिढीनं ती पाहिलीच नव्हती.

अशात एका शनिवारी दुपारी मोठी भाजी चिरत बसली होती. दारातून एक उंच, सडसडीत मुलगी आत आली. धाकटीची लेक. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी थांबणं तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मात्र ती मोठीपुढे येऊन चक्क स्थिर उभी राहिली.

"मोठ्या काकू, काठवट हवी होती. उद्या माझं दृढीकरण आहे, मंडळीत रीतसर घेणार मला, पहिलं प्रभुभोजन. बेकरीवाल्याच्या मुलाचं लग्न आहे, बेकरी बंद. पाव मी करते म्हणून सांगितलंय पाळकसाहेबांना."

"वर आहे. घेऊन जा," मोठी मान वर न करता म्हणाली.

"अशी नाही नेता येत. आईनं मला रीत सांगितली आज." भिंगरी एक पाऊल पुढे आली. "माझ्यामुळे तुमचं मन दुखलं असेल तर मोकळं करा."

सुरी थांबली. "तुझ्यामुळे? तू काय केलंस गं?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर विचारतेय. मी लहान होते तेव्हापासून तुम्ही चर्चच्या दारात माझ्याकडे बघत नाही. मी नक्की काहीतरी केलं असणार."

मोठीच्या हातातली सुरी ताटात पडली. दवाखान्यात एवढी मरणं पाहूनही डोळ्यांत टिपूस न आणणारी ती बाई, पदराचा बोळा तोंडावर धरून हमसाहमशी रडू लागली. "नाही गं पोरी. तू काही केलं नाहीस. तू कशाची माफी मागतेस? मागायची मी."

भिंगरीमागे उंबऱ्याबाहेर धाकटी उभी होती. लेकीला कुणी टाकून बोलेल या धास्तीनं मागोमाग आली असावी. मोठीनं तिला पाहिलं.

"आत ये. बाहेर काय उभी राहिलीस?"

"आधी बोलू द्या वहिनी, मग येते." धाकटी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "आईंचं सगळं तुम्ही केलंत. मला ते खुपत होतं, माझ्याकडून झालं नाही म्हणून. आणि राग मी काढला तुमच्यावर."

"आणि मी न विचारता उचलली," मोठी म्हणाली. "तिच्या काठावर आईंचा अंगठा असायचा. मला तेवढाच हवा होता. तुला मागितली असती तर तू दिली असतीस."

"दिली असती हो!"

भिंगरी एकदा आईकडे, एकदा काकूकडे बघत राहिली. "म्हणजे दोघींनी एवढंसं बोलायचं राहिलं, म्हणून आपण इतकी वर्षं बेकरीचा पाव खाल्ला?"

आधी धाकटीला हसू फुटलं, मग मोठीला. मोठीच्या नवऱ्यानं आतून येऊन विचारलं, "काय झालं?" तर तिघींपैकी एकीलाही सांगता येईना. त्यानं स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. टॉर्च, वर्तमानपत्रं, कांद्याची सालं, सगळं बाहेर निघालं. पीठ पडलं, पाणी पडलं, आणि ते भेगेतून सरळ धाकटीच्या पावलावर! ती किंचाळली. मोठीनं पिठाचाच एक गोळा भेगेत दाबून बसवला. मळलं भिंगरीनं. तिला मळता येत नव्हतं, पण मला काय त्याचं! किती वर्षांनी माझ्या अंगावर हाताची ऊब आली होती. हुश्श झालं मला. पाव एका बाजूनं फुगला, एका बाजूनं बसका राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मंडळीनं तो चवीनं खाल्ला म्हणे. दोघी जावा एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये भिंगरी.

माझी भेग मोठीच्या नवऱ्यानं नीट भरून, घासून, तेल पाजून बुजवली. आता मी एक महिना अल्याड असते, एक महिना पल्याड. भिंगरी मला काखेत मारून रस्ता ओलांडते तेव्हा लोक वळून बघतात. बघू देत.

तुमच्या घरीही असेल अशी एखादी रीत, कपाटावर चढवून ठेवलेली. वाडवडिलांची आठवण म्हणून तिला नुसतं पुसून ठेवू नका बाबांनो. वापरा. हात लावा. कोरड्या लाकडाला तडे जातात, हे मी अंगावर सोसून सांगतेय.

आणि घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. आज सकाळीच भिंगरीचं आणि तिच्या आईचं कुठल्याशा सहलीवरून जोरदार वाजलं. आज शनिवार. मला टेबलावर ठेवलंय, पीठ मोजून ओतलंय, आणि भिंगरी समोर गाल फुगवून बसली आहे. हात लावत नाही. आज कुणी तिला रीतीची आठवण करून दिली नाही. मोठी काकू दवाखान्यात, आई आतल्या खोलीत वह्या तपासतेय. मी गप्प आहे. दुसरं करणार काय? ही पोर रागातच बाह्या सरसावणार, की आपली आपण उठणार?

खुर्ची सरकली. ती उठली आणि आत गेली.

आत काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. पण तिची आई मोठ्यानं हसली, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. पाणी घेऊन ये गं भिंगरे, पीठ वाट बघतंय.