दुधाच्या वासाचा गाऊन

गाऊनवरून यशोदाबाई सुनेला लग्न झाल्यापासून टोमणे मारत आल्या होत्या. "काय ते पोतं घालून फिरायचं दिवसाढवळ्या!" त्याच यशोदाबाई त्या आठवड्यात रोज दुपारी मोहिनीचा न धुतलेला, आंबूस वासाचा, फुलाफुलांचा गाऊन लुगड्यावरूनच अंगात चढवत होत्या. मग नातीला मांडीवर घेऊन दाराशी वाऱ्याला बसायचं आणि बाटलीचं बूच तिच्या ओठांना लावायचं. आईचा वास आला तर पोर फसेल, ही युक्ती मोहिनीचीच.

मनाली फसत नव्हती. बूच जिभेनं बाहेर ढकलायची, मान फिरवायची आणि डब्याचं दूध हनुवटीवरून गाऊनवर ओघळायचं.

१९९७ सालचा उन्हाळा होता. अंबडच्या एका औषध कारखान्यात मोहिनी प्रयोगशाळेत कामाला होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. नवऱ्याचं, सुनीलचं, काम कंत्राटावरचं. आज आहे, उद्या नाही. कायमची नोकरी घरात हिचीच. म्हणून तर यशोदाबाई नांदगावच्या बाजारातली भाजी विकायला बसायची जागा जाऊबाई तानुबाईला देऊन सिडकोतल्या या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. पोरीनं बाटली धरली, की सगळं जमणार होतं.

शेजारच्या नवसाबाईंनी पहिल्याच दिवशी तो गाऊन पाहिला.

"अगं बया! यशोदाबाई, पुन्हा सून झालात की काय?"

"नात पिईल म्हणून घातलाय. तुझा नवरा बघील म्हणून नाय."

गल्लीतल्या बाया खो खो हसल्या. यशोदाबाईही हसल्या. पण दिवसागणिक पोर बाटली झिडकारत राहिली, तसं ते हसणं बदललं. "इतकी लेकरं वाढवली म्हणता, आणि एक बाटली पाजता येईना?" असं नवसाबाई म्हणाल्या, तेव्हा यशोदाबाईंनी गाऊनच्या बाहीनं नातीचं तोंड पुसलं आणि आत निघून आल्या.

मोहिनीनं ते पाहिलं. पोर का पीत नाही, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

बाटली उकळून, दूध मोजून ती सासूच्या हातात द्यायची. मग "लंगोट बदलून आणते" म्हणून मनालीला आतल्या खोलीत न्यायची, दार लोटायची आणि तिला छातीशी घ्यायची. पोर पिऊन सुस्तावली की बाहेर आणून सासूच्या मांडीवर ठेवायची. "आता भूक लागली असेल हं तिला, आई," असंही म्हणायची. प्रयोगशाळेत कुणी असा नमुना बिघडवून वर निकालाची वाट पाहिली असती, तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं.

पहिल्या दिवशी तिनं स्वतःची समजूत घातली, की पोर उपाशी रडायला नको. दुसऱ्या दिवशी ही सबब तिला स्वतःलाही पटली नाही. मनालीनं बुचावरून तोंड फिरवून तिच्याकडे पाहिलं, की तिला आतून गोड वाटायचं. आणि त्याच वेळी समोर फुलाफुलांच्या गाऊनमध्ये घामाघूम झालेली म्हातारी असायची.

रविवारी दुपारी यशोदाबाईंनी गाऊनची घडी घालून खाटेवर ठेवली आणि आपली पिशवी भरायला घेतली.

"आई, हे काय आता?" सुनीलनं विचारलं.

"सकाळच्या गाडीनं जाते. एखादी बाई बघा तुम्ही. माझ्या हातचं पीत नाय पोर. म्हातारीच्या हाताला काय वास येतो, कोणाला ठाव." त्यांनी दोन्ही तळहात नाकाशी नेऊन खरंच हुंगले.

ते मोहिनीला बघवलं नाही.

"आई, तिचं पोट भरलेलं असायचं."

"कोणाचं?"

"मनालीचं. तुमच्याकडे द्यायच्या आधी मी पाजत होते. रोज."



"म्हंजे मी ते पोतं घालून दारात बसले, बाया हसल्या, तवा तुला ठाव होतं?"

"हो."

"का गं?"

"तुमच्या हातून प्यायली असती तर…"

तेवढ्यात झोळीत मनाली जागी होऊन रडू लागली. मोहिनीचा ब्लाउज ओला झाला. ती उठली, पण यशोदाबाई आधी पोचल्या.

"बाटली भर. आन बाहेर जा."

मोहिनीनं बाटली भरली. पावडर ओट्यावर सांडली. तिनं खाटेवरचा गाऊन उचलून पुढे केला.

"तो राहू दे. मी माझ्याच वासानं पाजते."

मोहिनी गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभी राहिली. रविवारची गिरणी बंद होती, त्यामुळे रडणं तिथवर ऐकू येत होतं. ते चढत गेलं, तुटलं, पुन्हा चढलं आणि थांबलं. ती कान देऊन उभी राहिली. आपण कशाची वाट पाहतोय, हे तिच्या थोड्या वेळानं लक्षात आलं: रडणं पुन्हा सुरू होण्याची. तिनं पदर छातीवर घट्ट ओढून घेतला.

परतताना नवसाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"गप झाली वाटतं पोरगी. आला म्हणायचा म्हातारीच्या हाताला गुण!"

मोहिनी पुढे गेली असती तरी चाललं असतं. ती थांबली.

"त्यांचा हात चांगलाच होता, नवसाबाई. मीच आधी पाजून ठेवायचे. चोरून."

नवसाबाईंचा हात सुपात तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गल्लीत होणार, हे मोहिनीला माहीत होतं. चपला बाहेर काढून, आवाज न करता, तिनं दार ढकललं.

यशोदाबाईंनी मान वर केली नाही. बाटलीतलं दूध तळाला गेलं होतं. मनालीच्या मुठीत आजीच्या लुगड्याचा काठ होता.