हबीबभाईंच्या पडद्यापुढची खुर्ची

मनकर्णाबाईंच्या लग्नानंतरच्या फोटोत त्यांचं तोंड जे फुगलेलं आहे, ते लाजेनं नव्हे, चपलेनं. आल्यागेल्या प्रत्येकानं तो फोटो बघून "नवी नवरी लाजलीय बघा" म्हणायचं आणि बाईंनी मुकाट ऐकून घ्यायचं, असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. खरी गोष्ट अशी, की तात्यासाहेबांनी त्यांना सिल्लोडहून एसटीनं तेव्हाच्या औरंगाबादला आणलं, गुलमंडीवर नव्या चपला घेऊन दिल्या आणि त्याच पायात घालून शहागंजच्या घड्याळापर्यंत चालवत नेलं. नवरदेवाची हौस दांडगी. तिथं हबीबभाईंचा फोटो स्टुडिओ होता. पोचेपर्यंत बाईंच्या टाचा सोलून निघाल्या.

स्टुडिओत दाराशीच आरसा होता आणि कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून सुतळीनं बांधलेला कंगवा. आत भिंतभर रंगवलेला पडदा: पांढरा घुमट, चार मिनार, पुढं तळं, तळ्यात दोन बदकं. हबीबभाईंनी तो मकबऱ्यापुढं चार हिवाळे बसून स्वतः रंगवला होता. गिऱ्हाईक विचारायचं, "ताजमहाल का?" हबीबभाई म्हणायचे, "जैसा आप समझो." तात्यासाहेबांनी ताजमहाल समजून घेतला आणि गावात तसंच सांगितलं. काही लोक अजूनही समजतात, की तात्या लग्नानंतर बायकोला आग्र्याला घेऊन गेला होता.

पडद्यापुढं एक नक्षीची खुर्ची. रिवाज ठरलेला. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. मनकर्णाबाईंनी हळूच विचारलं, "मी बसू का?" तोवर तात्यासाहेब बसूनही झाले होते. "पुढच्या बारीला तू बस," ते म्हणाले. हबीबभाईंनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं. "वहिनी, खुर्ची घट्ट पकडो, एक पाय डुगडुगतो तिचा." म्हणजे नवरा ऐटीत बसला, आणि तो पडू नये म्हणून खुर्ची धरून ठेवली सोललेल्या टाचांच्या बायकोनं. मग तोंड फुगणार नाही तर काय.

पुढची बारी काही आली नाही. शेती, पोरं, पोरांची लग्नं यात स्टुडिओ कधी बंद झाला तेही कळलं नाही. फोटो पुढं ढिगानं निघाले, पण त्या खुर्चीत बसलेला एकही नाही. बाईंनी ती गोष्ट जपून ठेवली. एक तर भांडणात काढायला सोयीची होती. आणि दुसरं म्हणजे, त्यांना ते खरोखरच हवं होतं.

आता दोघं शहरात, मुकुंदवाडीला मुलाकडं राहतात. मध्यंतरी नात प्रेरणा कॉलेजातून आली ती उंबऱ्यातूनच सांगत आली, "आजी, तुमच्या फोटोतला ताजमहाल गॅलरीत टांगलाय. खुर्ची पण आहे." तिची मैत्रीण रुक्सार ही हबीबभाईंची नात, चित्रकार झालेली. समर्थनगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर छोटीशी गॅलरी आहे, तिथं तिचं प्रदर्शन लागलं होतं. मनकर्णाबाईंनी रात्रीच ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं.

तात्यासाहेब काठी टेकत आले खरे, पण गॅलरी त्यांना काही मानवली नाही. एका भिंतीवर टपटप गळणाऱ्या नळाचा व्हिडिओ चालू होता. ते त्याच्यापुढं बराच वेळ थांबले. "ह्यो तर आपल्या न्हाणीत फुकट दिसतोय," म्हणाले. प्रेरणानं त्यांना कोपरानं गप्प केलं.

आतल्या खोलीत पडदा होता. रंगाचे पोपडे गेलेले, मिनार तीनच धड उरलेले, एक बदक पार पुसून गेलेलं. पुढं तीच खुर्ची, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. स्टुडिओतल्या पावडरीचा वास त्यांच्या नाकाशी आला, आणि तेव्हाचे तात्यासाहेब दिसले, तेल लावून भांग पाडलेले. त्या कंगव्यानं भांग पाडताना सुतळी आखूड पडली म्हणून ते आरशापुढं वाकले होते. हे त्या इतकी वर्षं विसरूनच गेल्या होत्या. तो पोरगेला नवरा आपल्याला किती आवडला होता, हेही.

पण खुर्चीभोवती दोरी होती. "आजी, आत नाही जाता येणार," रुक्सार अदबीनं म्हणाली. "रोज लोक सेल्फीसाठी मागे लागतात, मी सगळ्यांना नाही म्हणते. ही खुर्ची रिकामी असणं, हेच माझं काम आहे."

भिंतीवर तिनं ते लिहूनही ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. ही खुर्ची कुणाची तरी वाट बघते आहे, असं काहीसं होतं. त्यांनी रुक्सारकडं पाहिलं.

"माझीच बघत आसंल, बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या आज्याच्या म्होरं मला पुढची बारी सांगितली व्हती."

आणि त्यांनी चपलेपासून सगळं सांगितलं. तात्यासाहेब त्या वेळी छताकडं बघत होते. रुक्सार ऐकत राहिली. "दादा सगळ्यांना असंच सांगायचे, घट्ट पकडो," ती हसून म्हणाली, आणि तिनं दोरी सोडली. "दोघं या."

मनकर्णाबाई पदर सारखा करायला थांबल्या, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. तात्यासाहेब काठी टेकत सरळ आत गेले आणि खुर्चीत बसले. टोपी नीट केली, हात गुडघ्यांवर ठेवले. सवयच ती. शिवाय गुडघे गेल्या वर्षीपासून पार कामातून गेलेले. आता त्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? बाईंना रडू आल्यासारखं झालं. त्या जाऊन शेजारी उभ्या राहिल्या, आणि हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेला. रुक्सारनं मोबाईल वर धरला, पण बटण दाबलं नाही.

तात्यासाहेबांनी मान वळवून खाली, बायकोच्या पायांकडं पाहिलं.

"आजबी चावती का चप्पल?" त्यांनी विचारलं.

"तुमाला तवाच ठावं व्हतं?"

"टाचंचं रगत दिसलं व्हतं की." तात्यासाहेबांनी टोपी पुन्हा नीट केली. "नव्या बायकूम्होरं उठून उभं ऱ्हायाची लाज वाटली. लोक काय म्हणतील. मंग घरी आल्यावर तर लईच लाज वाटली, म्हणून टाचंचं कदी काढलंच न्हाई."

मग ते उठले. काठी रोवली, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, दात आवळले. उठायला वेळ लागला. "बस," म्हणाले.

"आवो, तुमचे गुडघे."

"बस म्हणतो ना. आता काय काळं कापड न्हाई, मोबाईल हाय. झटक्यात व्हतं."

मनकर्णाबाई बसल्या. इतक्या वर्षांनी बसल्या, तर खुर्ची काही फार आरामाची नव्हती. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रुक्सारनं फोटो काढला.

तो आता मुकुंदवाडीच्या घरात जुन्या फोटोशेजारी लावला आहे. बघणारे म्हणतात, चांगला नाही आला, दुसरा काढायचा होता. कारण तात्यासाहेब समोर बघताहेत, एकदम ताठ, पण मनकर्णाबाईंचं लक्षच नाही. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलंय आणि तोंड अर्धवट उघडं आहे.

प्रेरणानं एकदा विचारलं, "आजी, तू काय बोलत होतीस गं?"

"काय न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यांचा हात थरथरत व्हता. म्हणलं, टाका सगळा भार खुर्चीवर. मी बसलीय, हालायची न्हाई ती."