रडणाऱ्या मातेपुढची काच

मी काच बोलतेय. चित्र नव्हे, त्याच्यापुढची काच. रत्नागिरी बंदराजवळच्या जुन्या चॅपेलात, क्रुसावरून उतरवलेल्या येशूला मांडीवर घेऊन बसलेल्या मातेचं चित्र आहे. मला कापताना धाकू काचवाल्याचा हात घसरला आणि मातेच्या डोळ्यासमोर येईल असा चरा पडला. "कोणाला दिसतोय!" म्हणून तो मोकळा झाला.

१९९८च्या पावसात मागची भिंत झिरपली. मला आतून घाम सुटला, थेंब चऱ्यावर साचून ओघळले. झालं! माता रडते, अशी गावभर हाकाटी. मेणबत्त्या, नारळ, ओट्या! घाम माझा, मान चित्राला. जगाची रीतच आहे.

मासे विकणारी मथुरा मात्र काही मागायला आली नव्हती. तिचा मुलगा भागोजी त्याच वर्षी दर्यात बुडाला होता. शेजारणी म्हणाल्या, आता मासा खा, दुखवटा काढ. तिने मातेकडे बोट केलं.

"तिचा लेक जाऊन किती वर्सां झाली, ती अजून रडतेय. मग मी कसा काडू?"

पाच वर्षं दर पावसात मी ओघळत राहिले. तिने मासे विकले, पण एकही तोंडाला लावला नाही. मला फार अपराधी वाटायचं.

मग इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक गोपाळकृष्ण सर चित्राचा अभ्यास करायला आले. रंग तपासले, जुन्या नोंदी चाळल्या, शेवटी भिंत दुरुस्त करवली आणि मला काढून नवी काच बसवली. "चमत्कार वगैरे काही नाही. दमट हवा!" असं त्यांनी सगळ्यांना ठणकावलं.

पुढचा पावसाळा धो धो कोसळला. माता कोरडी.

नारळी पौर्णिमेनंतर सर चॅपेलच्या पडवीत लिहीत बसले होते. मी तिथेच भिंतीला टेकून होते. मथुरा तळलेला बांगडा घेऊन आली.

"सर, तिचे डोळे कोनी फुसले नव्हते. तुमी फुसलेत. पयला घास तुमी घ्या, मग मी खाईन."

सरांच्या सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलं नव्हतं. "मथुराबाई, अहो, ते पाणी म्हणजे..." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटून घास घेतला. लगेच ठसका!

"काटा काडून खायचा वो!" मथुरा हसली. मग खाली बसून खाऊ लागली. खाता खाता खूप रडली.

मी आता अडगळीत असते. सरांचा प्रबंध छापून आला. त्यात मला 'सदोष काच' म्हटलंय, ते खरंच आहे. शेवटी निष्कर्ष आहे: 'चमत्काराचा पुरावा आढळला नाही.' तो प्रबंध कधी तुमच्या हाती पडलाच, तर त्या ओळीखाली पेन्सिलीने एक बांगडा तेवढा काढा.