राखीवरचा मासा

२००४च्या हिवाळ्यात मी आणि माझी बायको नलिनी अमेरिकेत चँडलरला मुलीकडे होतो. तिथल्या पार्कातल्या तळ्यात थंडीत हौशी गळवाल्यांसाठी ट्राउट मासे आणून सोडत. मी लायब्ररीतलं पुस्तक वाचून, नलिनीच्या विणकामातली उरलेली लाल लोकर गळाला गुंडाळून माशांना भुलवायला आमिष म्हणून एक खोटी माशी बांधली. जावयाच्या गळाच्या साध्या काठीने इतकी हलकी माशी लांब जाईना, म्हणून दोऱ्याला पाणी भरलेला प्लास्टिकचा गोळा अडकवला.

“अहो, ही माशी आहे की राखी?” नलिनी हसली.

मलाही तीच शंका होती. माझ्या हातून आजवर काही धड झालं नव्हतं.

पण तिसऱ्या फेकीला दोरा ताणला आणि चमचमता ट्राउट काठाशी आला.

“आज कालवण!” मी चक्क ओरडलो.

“आज संकष्टी आहे,” ती म्हणाली. “सोडा त्याला. तुमची माशी चालते, एवढं कळलं ना?”

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी हात ओले करून गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडलं. मासा क्षणभर थांबला आणि सरकन गेला.

चंद्रोदय होईपर्यंत नलिनी उपाशीपोटी फोनवर एकेकाला सांगत होती, “ह्यांनी राखीवर मासा धरला!”

आता ती नाही. पण संकष्टीला चंद्राची वाट पाहताना तिचा तो कौतुकाचा आवाज मला हमखास ऐकू येतो.